साडीवरचा शर्ट

माझ्या धाकट्या जावेचे कपडे बघितले की माझ्या पोटात दुखतं. हे सरळच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत आहे आणि लपवून काही हाती लागत नाही. तिचे कपडे महागाचे असते तर एवढं दुखलं नसतं. श्रीमंत बायकांचा हेवा मी कधी केला नाही. त्यांचं त्यांना लखलाभ. हिचे कपडे आमच्याच घरातले असतात. माझ्या पेटीतले, माझ्या हाताने शिवलेले. तिच्या अंगावर गेले की तेच कपडे काहीतरी वेगळंच होऊन बसतात आणि लोक वळून बघतात.

आम्ही सुरतेत नवागामला राहतो. मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे. सासरे इथे लूमवर आले, त्यांच्यामागे त्यांची बहीण आणि तिचा नवरा आले, मग निम्मं गावच आलं. माझा नवरा पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या कामावर आहे, दीर कामाला सचिन गावाकडे जातो. मी दारापाशी मशीन टाकून साड्यांना पिको-फॉल करते आणि ब्लाउज शिवते. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत, आणि कुणाचं माप किती वाढलं तेही.

जाऊ सुरतेतच जन्मली, उधन्याला वाढली. तिच्या तोंडात मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच घासात येतात. रिंगरोडच्या एका साडीच्या दुकानात तिची नोकरी आहे; नव्या साड्यांचे फोटो काढून गावोगावच्या व्यापाऱ्यांना मोबाइलवर पाठवायचे. दिवसभर नव्या साड्यांत बसते आणि घरी येऊन जुन्यांत हात घालते. तिला सुईत दोरा ओवता येत नाही. बटण तुटलं तरी माझ्यापुढे येऊन उभी राहते. पण कशावर काय घालायचं हे तिला कुणी न शिकवता येतं. सासूबाईंचं विटलेलं सुती पातळ आणि वर कालच बाजारातून आणलेला काळा टीशर्ट. दिराची जीन्स आणि वर माझ्या लग्नातला खणाचा ब्लाउज, जो आता माझ्या एका दंडातही जात नाही. मी ते दोन कपडे शेजारी शेजारी वर्षानुवर्षं वाळत घातलेत. ते एकमेकांसाठी आहेत हे मला कधी दिसलं नाही. तिला दिसलं.

सुरतेत नव्या कापडाला काय तोटा. इथे माणसं कापड विणतात, रंगवतात, छापतात, घड्या घालतात, आणि सणाला मापाने न घेता किलोनेही घेतात. म्हणून जुन्याला इथे किंमत नाही. कपडा जरा विटला की जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई येते तिच्या टोपलीत टाकायचा आणि पातेलं घ्यायचं. आमच्या स्वयंपाकघरातली बरीचशी भांडी अशीच आलेली आहेत. गरिबीतून आलेल्या माणसाला जुनं अंगावर घालायची हौस नसते. माझ्या आईने एक लुगडं जोडून जोडून नेसलं, म्हणून मी सुरतेत आल्यावर ठरवलं होतं, की मी नवंच नेसणार. आणि ही इथलीच पोर, हिला जुनं घालून मिरवावंसं वाटतं.

घरात जुनं म्हणून टिकलेली एकच गोष्ट होती, ती आहेराची पेटी. आमच्याकडे लग्नात आहेर करायचा म्हणजे बाईला साडी आणि पुरुषाला टोपी-टॉवेल. ही साडी नेसायची नसते. असं कुणी सांगितलेलं नाही, पण आहेराची साडी नेसलेली बाई मी तरी बघितली नव्हती. घडी न मोडता ती पेटीत ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायची. तेही तेच करतात. साड्या अशा घराघरांतून फिरत राहतात. सांभाळायचं एवढंच, की ज्या घरातून आली त्या घरात ती परत जाता कामा नये. गेली तर नाक कापलं गेलं. आमच्या घरात हे सांभाळणं मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याकडे आहे. कुठली साडी कुणाच्या लग्नात कुणाकडून आली, मला झोपेतून उठवून विचारा. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "मोठीना डोकामा बठ्ठी पेटी से." म्हणजे सगळी पेटी मोठीच्या डोक्यात. या एका वाक्यावर मी या घरात बरीच वर्षं ताठ मानेने काढली.

आता शर्टाचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

मशीनवर बसलं की साडीला दोऱ्याचे तुकडे चिकटतात, तेल लागतं. म्हणून मी साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालते. शेतात बायका घालतात तसाच. माझी आई कापूस वेचायला जाताना घालायची. माझा शर्ट पांढरा आहे, त्यावर बारीक निळ्या रेघा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बटणं लावलेली नाहीत, खिशात खडू आणि कॉलरमध्ये टाचण्या टोचलेल्या. एक फाटला की नवऱ्याचा दुसरा येतो, पण घालायची तऱ्हा तीच. तो शर्ट माझ्या अंगावर इतका असतो, की तो मी घातलाय हे मी विसरते.

मुलगी दहावीला होती तेव्हा शाळेत पालकांची मीटिंग होती. मी मशीनवरून उठून तशीच गेले. ती गेटपाशी उभी होती. मला बघितल्यावर ती पुढे आली नाही, मीच तिच्यापर्यंत गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, तो शर्ट काढ ना. सगळे बघतायत." कोणी बघत नव्हतं. मी शर्ट काढला, तिने तो माझ्या हातातून घेऊन पिशवीत तळाला कोंबला आणि वर वह्या ठेवल्या. मीटिंगमध्ये बाई तिच्या गणिताबद्दल काय बोलल्या ते मला आठवत नाही. घरी येताना तिने रस्त्यात माझा हात धरला होता, म्हणजे तिलाही कळलं होतं. एकुलती एक पोर, तिच्याशी काय भांडायचं.

मग जाऊ घरात आली. आणि एका सकाळी ही बया दिराचा चौकड्यांचा शर्ट सासूबाईंच्या पोपटी पातळावरून घालून बाहेर आली. बटणं उघडी, बाह्या कोपरापर्यंत, कमरेला पट्टा आणि पायांत पांढरे बूट. तशी कामावर निघाली होती. माझी मुलगी खाटेवरून उडी मारून उठली. "काकी, थांब थांब, एक नंबर दिसतेय. दारात उभी राहा." दारात उजेड चांगला होता. दारापाशीच माझं मशीन, आणि मशीनवर मी, साडीवरून शर्ट घालून.

मुलीने बरेच फोटो काढले. संध्याकाळी मला दाखवले. एकात जावेच्या मागे मीही आलेली होते, वाकून सुईत दोरा ओवताना. दोन बायका, दोघींच्या अंगावर साडी, दोघींच्या साडीवर पुरुषाचा शर्ट. मी म्हटलं, "हा चांगला आलाय." मुलगी म्हणाली, "हो, पण मागे पसारा येतोय." आणि तिने बोटाने कड सरकवून मला फोटोतून कापलं. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त लागलं.

तो फोटो जावेच्या दुकानात सगळ्यांनी बघितला. शेठच्या सुनेने विचारलं म्हणे, की ही फॅशन कुठून काढली. जावेने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी जरा जोरात थापली गेली.

मी स्वतः करून बघितलं नाही असं नाही. एका दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी जावेचं जीन्सचं जाकीट माझ्या साडीवर चढवलं आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. खांद्यात बसत होतं. बाह्या दुमडल्या, पदर जरा खाली घेतला, तिच्यासारखी कंबर एका बाजूला कलती केली. आरशात मिलच्या गेटवरचा वॉचमन दिसला. तेवढ्यात शेजारीण ब्लाउज न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काय ताई, बरं नाही का? थंडी वाजते?" मी म्हटलं, हो, जरा कसकस आहे. तिने घरी जाऊन आल्याचा तुकडा आणून दिला. ब्लाउजही तिने मला त्रास नको म्हणून बघून घेतला नाही, आणि तिच्या बाहीत माझी टाचणी राहिली होती ती तिला टोचली, ते वेगळंच.

माझं म्हणणं असं आहे, की शिवणं ही मेहनत आहे. फाडलेलं जोडता आलं पाहिजे, तिरकं सरळ करता आलं पाहिजे. ती काय करते? इकडचा एक उचलते, तिकडचा एक उचलते. आयत्या बिळावर नागोबा. पण माझ्या मेहनतीकडे बघून कुणी रस्त्यात वळलेलं नाही. फॉल चांगला बसला तर तो दिसतच नाही, हेच तर त्याचं चांगलं बसणं.

तर अशी ती एके दिवशी पेटीपर्यंत पोचली. सासूबाईंना विचारून तिने पेटी उघडली आणि सगळ्या साड्या चाळून तळातून एक काढली. मोरपंखी रंगावर ताटाएवढी केशरी फुलं. मी लांबूनच ओळखली. माझ्या लग्नात फुईने दिलेली. फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नात्याने ती माझी आतेसासू, पण घरात लहानथोर सगळे तिला फुईच म्हणतात. ती साडी पेटीत एवढी वर्षं राहायचं कारण होतं. तिच्यावरचं छापकाम चुकलेलं होतं. फुलांच्या काळ्या रेघा एकीकडे आणि केशरी रंग बोटभर बाजूला सरकलेला, सगळ्या साडीभर. असली साडी आहेरात द्यायलाही लाज वाटावी, म्हणून मी ती पुढे कुणाला दिली नव्हती.

"ताई, हे जुओ ने," जाऊ म्हणाली, "काय मस्त आहे. रंग फुलातून बाहेर पळालाय." मी म्हटलं, तो पळाला नाही, चुकलाय. ती म्हणाली, "तेच ना. याचं मला जाकीट पाहिजे. लांब, पुढून उघडं. वरचा खिसा, कॉलर. बाह्या दुमडता आल्या पाहिजेत." आणि मग, अगदी सरळपणे, "तुमच्या शर्टासारखं."

मी म्हटलं, आहेराची साडी आहे, कापायची नसते. सासूबाई पानाला चुना लावत होत्या. म्हणाल्या, "पेटीमा ठेईसन काय फायदा? लेऊ दे तिले." झालं. ज्या पेटीच्या जिवावर मी या घरात मोठी होते, ती पेटी एका पानाच्या विड्यात संपली. आपल्यात म्हणतात, घरची म्हणे देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा. इथे बाहेरची कोणी नव्हती, सगळ्या घरच्याच होत्या, पण चोळी शिवायला मात्र मीच.

मी ते बिघडवायचं ठरवून मशीनवर बसले होते. मुद्दाम नव्हे, पण जीव लावायचा नाही, टाके लांब घालायचे, एवढं ठरवलं होतं. पण पहिली शिवण जरा सरकली तशी माझी मीच ती उसवायला लागले. हाताला वाईट शिवायची सवय नाही, त्याला मी काय करू. वर मुलगी शेजारी बसून कापड धरत होती, आणि ती माझ्याशेजारी अशी बसल्याला बरेच दिवस झाले होते. ती सगळा वेळ काकीबद्दल बोलत होती तरी मला उठवेना. सगळ्यात जास्त सरकलेलं फूल जावेला छातीवर पाहिजे होतं. मी ते पाठीत लपवायच्या विचारात होते. मुलगी म्हणाली, "नको मम्मी, काकीने सांगितलंय तसंच कर ना." मी तसंच केलं.

ते जाकीट जावेने रोज घातलं. पांढऱ्या कुर्त्यावर, साध्या काळ्या ड्रेसवर, जीन्सवर. दर वेळी ते नवीनच दिसायचं. गल्लीतल्या मुली येऊन विचारायला लागल्या, की असं आम्हाला शिवून द्या. माझ्याकडे यायच्या, पण विचारायच्या, "काकीसारखं."

मग एका शनिवारी फुईचा निरोप आला, की नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ती स्वतः संध्याकाळी येते आहे. मी सकाळीच जावेला सांगितलं, सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "आज ते जाकीट घालू नको. साडी फुईच्या घरची आहे. तिने दिलेली साडी आपण फाडली असं दिसेल." जाऊ बुटाची नाडी बांधत होती. "एमां शुं, ताई? त्यात काय झालं? त्यांनी दिली, मी घातली. खूश होतील." सासूबाईंकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "देखसूत." म्हणजे बघू. आणि जाऊ जाकीट घालून कामावर गेली.

माझं कर्तव्य मी केलं होतं. आता जे होईल ते होवो, आणि जे होणार ते मला बघायचं होतं. दिवसभर मला फार छान वाटलं. माझे टाके त्या दिवशी सरळ पडत होते. मी दुपारीच घर आवरलं, फुईसाठी खाटेवर नवी चादर घातली आणि खाट अशी सरकवली, की तिथे बसलेल्याला दार समोर दिसावं.

फुई लिंबायतहून आली. उंच, वाळकी, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जाड चष्मा. आल्या आल्या पत्रिकेला हळद-कुंकू लावून तिने ती सासूबाईंच्या हातात दिली. मग नवरदेवाकडच्यांच्या मागण्या, आचारी, बट्टी किती लागेल, वांगी कुठून आणायची, अशा गोष्टी निघाल्या. मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातून समोरच्या दाराकडे बघत उभी राहिले.

जाऊ आली. आत पांढरा टॉप, निळी जीन्स, पायांत बूट, आणि वर ती मोरपंखी-केशरी ऐट. फुई बोलता बोलता थांबली. जाऊ वाकून पाया पडली. फुईने तिच्या डोक्यावर हात ठेवलाच नाही. तिने जाकिटाची कड पकडली आणि म्हणाली, "आठे ये. उजेडमा ये."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे.

फुईने कापड चष्म्यापर्यंत नेलं. अंगठ्याने ती फुलाची काळी रेघ चाचपत गेली, मग तिच्या बाहेर सांडलेला केशरी रंग. "हाई मनी दिन्हेल साडी से," ती म्हणाली. जावेचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला मी बघून घेतला. मग फुई म्हणाली, "मना मालकनी छापेल से हाई."

ही साडी तिच्या मालकाने, म्हणजे नवऱ्याने छापलेली, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. फुईचा नवरा मिलमध्ये छापकामाला होता एवढंच आम्हाला ठाऊक. लांब टेबलावर कापड पसरायचं, दोघांनी दोन बाजूंनी चौकट धरून टेकवायची आणि एकेक रंग ओढत जायचा, असं ते काम. एका दिवशी त्याची चौकट सरकली आणि टेबलभर कापड वाया गेलं. मिलच्या शेठने त्या सगळ्या साड्या त्याच्याच गळ्यात घातल्या. फुईला घरात त्या साड्यांकडे बघवेना, म्हणून तिने येणाऱ्या प्रत्येक लग्नात एक एक करून त्या आहेरात देऊन टाकल्या. "एक बी ठेवी नही मी," ती म्हणाली. "आनि तो मानूस दर लगीनमा बाया देखत बसे. मी म्हनू, कसाले देखस? तं म्हने, मनी साडी कोनी नेसेल से का ते देखस."

कुणीच नेसली नव्हती. कशी नेसेल. सगळ्या घरांत माझ्यासारख्या पेट्या सांभाळणाऱ्या बसलेल्या. फुईचा नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तिने जावेला शेजारी खाटेवर बसवलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. चष्मा काढून पदराने डोळे पुसले आणि पुन्हा ते छातीवरचं फूल बघायला लागली, जे मी पाठीत लपवणार होते. सासूबाई रडायला लागल्या. माझी मुलगी काकीच्या गळ्यात हात टाकून बसली. खाटेवर त्या चौघी आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाची गाळणी घेऊन मी.

जाऊ मनाने वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. ती लगेच म्हणाली, "फुई, ताईंनी शिवलंय हे. अने साडी पण एवढी वर्षं ताईंनीच सांभाळली." फुईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बरं शिवेल से, मोठी," ती म्हणाली. "मना चहामा साखर कमी टाक." आणि पुन्हा जावेकडे वळली.

मला तेव्हा जावेचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. तिने माझं नाव घेतलं नसतं तर मला निदान म्हणता आलं असतं, की बघा, मेहनत माझी आणि लाटली हिने. तेवढंही तिने ठेवलं नाही. माझं सगळं तिने सर्वांसमोर माझ्या पदरात घातलं आणि तरी प्रेम तिच्याच वाट्याला गेलं. पेटी डोक्यात असलेल्या मोठीला यातलं काहीच कसं माहीत नाही, असं सासूबाई मला म्हणाल्या नाहीत. फुईला रिक्षात बसवून परत येताना त्यांनी नुसतं एकदा माझ्याकडे बघितलं. लग्नात हेच घालून ये, असं फुईने जावेला रिक्षातूनही बजावलं.

रविवारी मी दिवसभर मशीनवरच होते. नवऱ्याने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, तुमचा एखादा शर्ट फाटलाय का बघा, माझा झिजलाय. तो म्हणाला, आता फाटका नाही, नवेच आहेत.

सोमवारी सकाळी मुलगी कॉलेजला निघाली होती. तिचं या वर्षीच कॉलेज सुरू झालंय. मी एका साडीचा फॉल लावत होते, शर्ट अजून अंगात घातला नव्हता, मशीनमागच्या खिळ्यावर होता. तिने काळा टीशर्ट आणि जीन्स घातली होती. आरशात बघितलं, तोंड वाकडं केलं, इकडे तिकडे बघितलं, आणि सरळ येऊन खिळ्यावरचा शर्ट काढला.

माझा शर्ट. शाळेच्या गेटवर तिने पिशवीत कोंबला होता तोच. त्यानंतर नवऱ्याचा दुसरा आलाच नव्हता. कॉलरची धार आता विरलेली, खिशाला खडूचा पांढरा डाग. तिने तो घातला, बटणं उघडी ठेवली आणि बाह्या दुमडायला लागली. एक घडी, मग दुसरी, कोपराच्या जरा वर, डावी आधी आणि मग उजवी. ती माझी घडी आहे. तशी मी माझ्या आईकडून उचलली होती, आणि तिने ती घरात रोज बघून उचलली असणार, न शिकवता. माझा पाय मशीनच्या पायडलवरून उतरला. मला फार आनंद झाला. म्हटलं, आता बघ, माझ्याकडे वळेल आणि काहीतरी बोलेल, आणि मी म्हणेन, शोभतोय तुला, माझ्या आईवर गेलीस.

ती आरशासमोर एकदा अशी, एकदा तशी फिरली. मग माझ्याकडे वळून खूश होऊन म्हणाली, "मम्मी, सेम काकी, ना?"

"थांब," मी म्हटलं.

मी उठून तिच्याजवळ गेले. कॉलरमध्ये टाचण्या होत्या, तिच्या मानेला टोचल्या असत्या. एक एक करून सगळ्या काढल्या आणि माझ्या पदराला लावल्या. कॉलर सरळ केली. खिशातला खडू काढून घेतला. डाग झटकायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे ना, तो छान दिसतो." मी राहू दिला.

"सांग ना."

"हो," म्हटलं. "सेम काकी."

ती गेली. मी पुन्हा मशीनवर बसले. त्या दिवशी मला घालायला शर्ट नव्हता, आणि संध्याकाळी ती परत येईपर्यंत माझी साडी दोऱ्यांनी भरून गेली होती.